यक्ष अलकापुरी सोडतो तेव्हा

‘तुंबाड’ हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी पहिल्यांदा पडद्यावर आला. ज्यांनी पाहिला त्यांनी वाखाणला, पण पाहणारे थोडे होते. सहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २०२४ रोजी, तोच चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळच्या दुपटीहून अधिक उत्पन्न त्याने मिळवले. जुन्या चित्रपटाच्या नशिबी असे दुसरे लग्न क्वचितच येते. त्याच सुमारास निर्माते व नायक सोहम शाह यांनी दुसऱ्या भागाची घोषणा केली. या आनंदाची हळद अजून निघाली नव्हती, तोच दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सोहम शाह आणि आदेश प्रसाद यांना दुसऱ्या भागासाठी जाहीर शुभेच्छा दिल्या. शुभेच्छा कोण देतो? जो मांडवाबाहेर उभा असतो तो. दुसरा भाग बर्वे करणार नाहीत, हे प्रेक्षकांना असे कळले. पहिल्या भागाचे सर्जक मार्गदर्शक आनंद गांधी हेही नव्या कामात नसल्याचे पाठोपाठ स्पष्ट झाले.

त्यानंतर रसिकांत जी खळबळ उडाली ती या लेखाचा विषय आहे. चित्रपट चांगला की वाईट याची चर्चा आपल्याकडे नेहमीच होते. पण एक दिग्दर्शक दूर झाला म्हणून प्रेक्षकांनी हळहळावे, रागवावे, आपसांत भांडावे, ही गोष्ट तपासून पाहण्याजोगी आहे. त्या हळहळीत प्रेक्षकाचे प्रेम किती, हक्क किती आणि अज्ञान किती, हे वेगळे करता आले तर आपल्याला आपलीच थोडी ओळख पटेल.

बडोद्यासारख्या दुभाषी गावात राहणाऱ्या मराठी माणसाला या प्रकरणाचे आणखी एका कारणाने अगत्य वाटते. मुंजा, हडळ, वेताळ, चकवा ही आपल्या आज्यांची मंडळी. गुजराती शेजाऱ्यांच्या घरी त्यांची डाकण वेगळी, तिचे रीतिरिवाज वेगळे. दोन्ही घरांतली मुले एकाच ओट्यावर बसून एकमेकांना घाबरवीत, पण आपल्या भुताचे मूळ गाव दुसऱ्याला समजावणे कुणालाच जमत नसे. ‘तुंबाड’ने ते काम केले. कोकणातला पाऊस, चिरेबंदी वाडा, सोवळ्यातली माणसे, साखळदंडात जखडलेली म्हातारी हे सारे हिंदीतून का होईना, शेजारच्या घरात पोचले. तेव्हा त्या चित्रपटाचे पुढे काय होते हा प्रश्न आपल्याला परका राहत नाही.

*

पहिल्यांदा, दिग्दर्शक म्हणजेच चित्रपट असे प्रेक्षकांना या बाबतीत का वाटले ते पाहू. याचे उत्तर विलंबात आहे.

बर्वे यांनी अनेकदा सांगितले आहे की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट ऐकवली आणि ती डोक्यातून गेली नाही. १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला खर्डा लिहिला. पुढे चित्रचौकटींची सातशे पानांची वही तयार झाली. निर्माते आले आणि गेले. २०१२ साली चित्रण झाले, पण संकलनानंतर हाती आलेले मनासारखे नव्हते. पुन्हा लिहिले, पुन्हा चित्रित केले आणि ते काम २०१५ साली संपले. त्यानंतरही प्रेक्षकांपर्यंत यायला तीन वर्षे गेली. २०१८ साली व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा उद्‌घाटनाचा चित्रपट होण्याचा मान त्याला मिळाला, आणि मग तो आपल्याकडे आला. पहिल्या खर्ड्यापासून मोजले तर एकवीस वर्षे.

एकवीस वर्षे एखादी गोष्ट उराशी धरून बसणारा माणूस आपल्या परंपरेत कलावंत राहत नाही, तो तपस्वी होतो. आणि तपस्व्याला आश्रमातून जावे लागले की आपण आपोआप त्याच्या बाजूचे होतो. प्रेक्षकांची पहिली प्रतिक्रिया ही अशी होती. बर्वे नाहीत तर ‘तुंबाड’ नाही, असा तिचा आशय. ती भावना खोटी नाही, पण अपुरी आहे.

कारण ती तपश्चर्या एकट्याची नव्हती. पटकथेवर मितेश शाह, आदेश प्रसाद, बर्वे आणि आनंद गांधी अशी चार नावे आहेत. ज्या आदेश प्रसाद यांच्याकडे दुसऱ्या भागाचे दिग्दर्शन सोपवल्याचे जाहीर झाले, ते पहिल्या भागाचे सहदिग्दर्शकही होते. ते घरातलेच माणूस आहेत, उपरे नव्हेत. तो ओला, काळपट प्रकाश पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याचा. पांडुरंगाचे पोर आणि शापित म्हातारी या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या, हे कळल्यावर तर आपण थक्क होतो. आणि ज्या निर्मात्याला आज काही रसिक कुबेर ठरवून शिव्या मोजत आहेत, त्यानेच विनायकाच्या भूमिकेसाठी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे या अनिश्चित कामात घातली. म्हणून दुसऱ्या गटाचे म्हणणेही कानाआड करता येत नाही. चित्रपट हा कारखाना आहे, एक कारागीर गेला तरी कारखाना चालतो, असे हा गट म्हणतो. व्यवहारात ते खरे आहे. पण कारखान्यातून माल निघतो हे जितके खरे, तितकेच मालाला हात कुणाचा लागला हे हाताळताच कळते, हेही खरे.

*

तिसरा गट सर्वांत लहान होता, पण माझ्या मते सर्वांत नेमके बोलत होता. दुसरा भाग कुणीच करू नये, असे त्याचे म्हणणे. या मताला चित्रपटातच आधार सापडतो, म्हणून थोडे चित्रपटाकडे वळू.

‘तुंबाड’चे तीन अध्याय आहेत. १९१८, १९३३ आणि १९४७. देवीच्या उदरात कोंडलेला हस्तर हा तिचा पहिला मुलगा. त्याने सोने घेतले, पण धान्य त्याला मिळू दिले गेले नाही. म्हणजे अंगावर सोने आणि पोटात आग. ज्या कोकणात खोताच्या घरी पेव भरलेले आणि कुळाच्या घरी पेजेची भ्रांत, त्या भूमीत ही कल्पना अचूक रुजते. विनायक त्या उदरात उतरतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो, हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून नाणी ओढतो आणि वर येतो. प्रत्येक खेपेला मूठभर. हा चोर मोठा शिस्तीचा आहे. त्याची हाव पोस्टातल्या बचत खात्यासारखी थोडी थोडी काढली जाते.

शेवटी मुलगा पांडुरंग बापाला युक्ती सुचवतो. मूठभर नाणी कशाला, अख्खा लंगोटच का आणू नये? त्यासाठी बापलेक पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात. आणि जितक्या बाहुल्या, तितके हस्तर उभे राहतात. बापाची जी गत होते ती झाल्यावर, तो अखेरीस तो लंगोट मुलापुढे धरतो. मुलगा तो घेत नाही. सारा चित्रपट या एका नकारासाठी रचलेला आहे. तीन पिढ्यांत पहिल्यांदाच कुणीतरी ‘नको’ म्हणते.

आता विचार करा. जो चित्रपट ‘एकदा मिळाले तेवढ्यावर थांब’ असे सांगून संपतो, त्याचाच दुसरा भाग काढणे म्हणजे काय? पुन्हा त्याच उदरात उतरणे, या वेळी जास्त बाहुल्या घेऊन. पुनःप्रदर्शनाला गर्दी झाली आणि त्याच दिवसांत पुढच्या भागाची घोषणा झाली, हा योग पाहिला की विनायकाची आठवण होतेच होते. पांडुरंगाचा नकार खरा मानायचा असेल तर तुंबाडच्या वाड्यावर पुन्हा जायला नको.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. खुद्द बर्वे यांच्याच मनात तीन चित्रपटांची मालिका होती, मग त्यांची ती मालिका आणि निर्मात्याचा तो लोभ, हा कुठला न्याय? आक्षेपाचे उत्तर त्यांच्याच निवेदनात मिळते. त्यांच्या मनातले पुढचे दोन चित्रपट ‘पहाडपांगिरा’ आणि ‘पक्षितीर्थ’ या नावांचे होते. ‘तुंबाड’चा विषय पुरुषी हाव, ‘पहाडपांगिरा’चा सती आणि स्त्रीची जागृती. म्हणजे गाव वेगळे, पाप वेगळे. एक वाट पुढे जाणारी आणि एक त्याच विहिरीत परतणारी. दोन्हींना लोक ‘पुढचा भाग’ म्हणतात, पण त्यांची जात निराळी आहे. अर्थात ही गोष्ट तत्त्वाची झाली. रसिक भांडत होते तेव्हा दुसऱ्या भागाची फक्त घोषणा झाली होती, आणि न पाहिलेल्या चित्रपटाला दोषी ठरवणे हे समीक्षेचे काम नव्हे. आदेश प्रसाद त्या विहिरीतून नवे पाणी काढू शकणार नाहीत असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

*

प्रेक्षकांनी दिग्दर्शकासाठी आक्रोश करण्याची ही पहिली वेळ नव्हे. पहिली वेळ शंभर वर्षांपूर्वीची आहे, आणि त्या दिग्दर्शकाचे धागे आपल्या बडोद्याशी जुळलेले आहेत.

१८९० साली सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्याने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केले. आज त्या इमारतीत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. त्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा त्र्यंबकेश्वरचा तरुण चित्रकला आणि छायाचित्रण शिकला. पुढे त्याने याच गावात छायाचित्रकाराचा धंदा मांडला, तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी करतो, अशी समजूत पसरली होती. लोक फोटो काढून घ्यायला धजेनात आणि धंदा बसला. हस्तर कॅमेऱ्यात राहतो असे मानणाऱ्या गावात भारतीय चित्रपटाचा जनक घडत होता, असे म्हणायला हरकत नाही.

फाळक्यांचे चित्रपट म्हणजे पौराणिक कथांची रूपांतरे. पण प्रेक्षक जात ते चमत्कार पाहायला. ‘लंकादहन’मध्ये मारुतीचे उड्डाण, ‘कालियामर्दन’मध्ये त्यांच्याच मुलीने, मंदाकिनीने, साकारलेला बाळकृष्ण. आजच्या भाषेत ही अद्‌भुतकथाच. १९१८ साली नाशिकला भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा भागीदारांचा, हात फाळक्यांचा. लवकरच खर्च किती आणि वेळ किती यांवरून खटके उडू लागले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि तिथे बसून त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले.

तेव्हा ‘संदेश’चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांना पत्र लिहून परत यायची विनंती केली. चित्रपटसृष्टीच्या दृष्टीने आपण मेलो आहोत, अशा अर्थाचे उत्तर फाळक्यांनी धाडले. कोल्हटकर पक्के वर्तमानपत्रवाले. त्यांनी ते उत्तर छापून टाकले. मग वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. फाळक्यांनी परतावे म्हणून लोकांनी गळ घातली. कोल्हटकरांनी ती पत्रेही छापली आणि सारे अंक काशीला पाठवून दिले. फाळके विरघळले आणि नाशिकला आले.

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होते, आणि रसिकांच्या शक्तीचे पोवाडे गाता येतात. पण पुढचे पान वाचायला हवे. १९२२ साली फाळके त्याच कंपनीत पुन्हा कामाला लागले, पण आता भागीदार म्हणून नव्हे, पगारी निर्मितीप्रमुख म्हणून. खटके थांबले नाहीत. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा मोठा चित्रपट पैशांपायी रखडला, आणि १९३२ साली तो पूर्ण होईतो ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली होती. मुका सेतू बांधून होईपर्यंत समुद्रच बदलला होता. वाचकांच्या पत्रांनी माणूस परत आणला, पण तो कोणत्या अटींवर काम करील हे पत्रांना ठरवता आले नाही. प्रेक्षकाच्या प्रेमाची पोच एवढीच असते. ते दार उघडायला लावू शकते, घरातला कारभार बदलू शकत नाही.

याचे जागतिक उदाहरण ‘द हॉबिट’चे. टोल्किनच्या १९३७ सालच्या या पुस्तकावरील चित्रपटासाठी २००८ साली मेक्सिकोचे दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांची निवड झाली. ते न्यूझीलंडला जाऊन दोन वर्षे तयारी करीत राहिले, पण निर्मितीसंस्थेच्या पैशांच्या अडचणींमुळे चित्रणाला मुहूर्त मिळेना. मे २०१० मध्ये त्यांनी काम सोडले. रसिकांना धक्का बसला. लगेच पीटर जॅक्सननेच आता सूत्रे घ्यावीत असा धोशा सुरू झाला, कारण ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ त्यांचेच. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते खरेही झाले. रसिकांना हवा तो माणूस मिळाला. पण दोन चित्रपट ठरले होते त्यांचे तीन झाले, आणि मुलांसाठी लिहिलेली एक आटोपशीर गोष्ट २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षे ताणली गेली. पैसा पुष्कळ झाला. पहिल्या मालिकेची सर मात्र त्यांना आली नाही, असेच बहुतेकांचे मत पडले. तात्पर्य, आवडता दिग्दर्शक मिळणे आणि कथेला न्याय मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*

या साऱ्या हळहळीत एक नाव मला जवळजवळ ऐकूच आले नाही. ते म्हणजे नारायण धारप.

धारप (१९२५–२००८) यांची शंभरावर पुस्तके आहेत. वाचनालयाच्या फळीवरून झिजून झिजून ज्यांची पाठपट्टी निघाली, अशी ती पुस्तके. दिवाळी अंकांनी त्यांना वाचक दिले आणि त्यांनी दिवाळी अंकांना. पण ‘तुंबाड’साठी तळमळणाऱ्या तरुणांना बर्वे ठाऊक, सोहम शाह ठाऊक, धारप मात्र क्वचितच ठाऊक. चित्रपटातल्या त्या म्हातारीचे मूळ धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे. आणि गंमत अशी, की ‘आजी’चे मूळ पुन्हा अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या कथेत आहे. चित्रपटाचे नाव तिसरीकडचे, श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या दोन खंडांच्या कादंबरीचे, जिच्यात भूत नाही, पण एका घराण्याच्या चार पिढ्या आहेत. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी धारपांनी मराठी घरात आणून निजवली. तिला बर्व्यांनी पेंडशांच्या गावी नेऊन साखळीने बांधले. मग गुजराती आनंद गांधी आणि राजस्थानी सोहम शाह यांनी तिला हिंदीतून जगापुढे आणले.

अशा गोष्टीचा मालक कोण? या वंशावळीत प्रत्येकाने आधीच्याच्या हातून गोष्ट घेतली आहे. धारपांनी जेव्हा किंगची म्हातारी उचलली, तेव्हा कुणी आक्रोश केला नाही, कारण त्यांनी तिला आपल्या मातीतले दुखणे दिले. बर्व्यांनी तिला खोताची हाव दिली. गोष्ट हातोहाती जाते, त्यात पाप नाही. प्रत्येक हाताने तिच्यात आपले काही घातले की नाही, एवढाच प्रश्न असतो. म्हणून दिग्दर्शक गेला या घटनेपेक्षा, येणारा माणूस या गोष्टीत कोणती नवी भूक घालणार आहे, हे विचारणे अधिक रास्त. ज्याच्याकडे नवी भूक नाही आणि फक्त जुनी नाणी आहेत, तो मूळचा दिग्दर्शक असला तरी उपयोग नाही.

दुभाषी जिल्ह्यातल्या आपल्या घरांसाठी या प्रश्नाला धार आहे. आपली मुले शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती किंवा कानडी आणि पडद्यावर हिंदी ऐकतात. हस्तर त्यांना हिंदीतून भेटला. त्यांच्यासाठी ‘तुंबाड’ हेच मूळ आहे. दिग्दर्शक गेला की मूळच गेले, असे त्यांना वाटते ते यामुळेच. ज्याच्या घरात विहीर नाही त्याला नळ बंद झाला की दुष्काळ पडल्यासारखे वाटते. आपल्याकडे विहीर आहे, पण आपण तिच्यावर झाकण टाकले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘तुंबाड’ आला. एकीकडे मांडव घालून भाषेची चिंता वाहिली गेली, दुसरीकडे त्याच भाषेतली एक गोष्ट परभाषेतून जग जिंकायला निघाली. या दोहोंच्या मध्ये जी पायरी आहे ती घरातलीच. संध्याकाळी दिवे मालवून पोरांना धारपांची एक कथा मोठ्याने वाचून दाखवणे, ही ती पायरी. मुलांना लिपी अडली तरी कान अडत नाहीत. आणि शेजारची गुजराती पोरे बसली तर बसू द्यावीत. त्यांनाही मूळ गाव कळेल.

शेवटी आमच्या वस्तीच्या नावाबद्दल एक गोष्ट. बडोदे स्टेशनाच्या पश्चिमेला पसरलेल्या या वस्तीला अलकापुरी म्हणतात. अलकापुरी म्हणजे धनपती कुबेराची नगरी. कालिदासाने ‘मेघदूत’ लिहिले ते या नगरीतून वर्षभरासाठी हाकलल्या गेलेल्या यक्षाबद्दल. कुबेराजवळ सारे धन होते, पण आपण आज वाचतो ते यक्षाचे बोलणे, आणि ते त्याने नगरीच्या बाहेर, पावसाळ्याच्या तोंडावर, एका ढगाला सांगितले. बर्व्यांना हवी ती गोष्ट ते तुंबाडच्या बाहेर राहूनही सांगू शकतील, आणि आतल्यांना सांगण्याजोगे काही सापडले तर तेही सांगतील. दोघांनीही सांगावे. आपण मात्र ज्या लेखकाकडून ही म्हातारी त्यांच्या हाती आली, त्याचे नाव आपल्या मुलांना सांगायचे राहू देऊ नये.